जिन्यातला दिवा आणि हातचा एक: संगणकाचा इतिहास कुठून वाचायला घ्यावा

१९८६ सालची गोष्ट. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल नावाचा एक खगोलशास्त्रज्ञ होता. त्याच्या संशोधनाचा निधी संपला, म्हणून त्याला तिथल्याच संगणक विभागात बसवलं. त्या काळी मोठा संगणक सगळ्यांत मिळून एक असे. कोणी किती वेळ वापरला याचं बिल ज्याच्या त्याच्या विभागाकडे जाई. हा हिशेब ठेवणारे दोन प्रोग्रॅम होते आणि त्या महिन्यात दोघांच्या बेरजेत ७५ सेंटचा फरक येत होता. साहेबांनी नव्या माणसाला सांगितलं, बघ जरा कुठे चुकतंय.

मार्चअखेरीला ज्यांनी खतावणी जुळवली आहे त्यांना हे दुखणं चांगलं ठाऊक असेल. हजाराचा फरक लगेच सापडतो, बारा आण्यांचा फरक रात्र जागवतो. स्टोल खोदत गेला तेव्हा कळलं की बाहेरचा कोणीतरी फोनच्या तारेवरून आत शिरून संगणक वापरत होता. त्याला रंगेहाथ पकडण्यासाठी स्टोलने एका शनिवार-रविवारी सहकाऱ्यांच्या टेबलांवरचे प्रिंटर आणि टर्मिनल (मोठ्या संगणकाशी बोलायचे यंत्र) उचलून आणले, बाहेरून येणाऱ्या पन्नासेक वाहिन्यांना जोडले आणि तिथेच पथारी टाकली. पाहुणा जी कळ दाबेल ती कागदावर उमटू लागली. तपास यंत्रणेने विचारलं, नुकसान किती? ७५ सेंट म्हटल्यावर त्यांना रस उरला नाही. पण माग काढत काढत धागा थेट जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत गेला. तिथला एक तरुण अमेरिकी लष्कराच्या संगणकांतली माहिती काढत होता, आणि तो ज्या टोळीतला होता ती टोळी ही माहिती सोव्हिएत रशियाच्या केजीबी या गुप्तहेर संस्थेला विकत होती.

ही हकिगत स्टोलने स्वतःच 'द कुकूज एग' या १९८९ च्या पुस्तकात लिहिली आहे. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते आणि बिचारा कावळा ते आपलंच समजून उबवतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्या घुसखोराने नेमकं तेच केलं होतं. आपला प्रोग्रॅम त्याने संगणकाच्या खास जागेत ठेवला, आणि संगणकाने तो आपलाच समजून चालवला.

संगणकाच्या इतिहासावर काय वाचू असं कोणी विचारलं की मी हे पुस्तक पहिलं हातात देतो. याचं कारण असं की स्टोल स्वतः त्या विषयात नवखा होता. खातं म्हणजे काय, यंत्राचे सगळे अधिकार एकाच्या हाती कसे येतात, जाळ्यातून येणारा माणूस मागे मागे कसा शोधायचा, हे तो शिकत जातो आणि त्याच्याबरोबर आपणही शिकतो. धडा शिकवतोय असा आव कुठेही नाही.

बहुतेक लोक सुरुवात उलट्या टोकाने करतात. 'संगणकाचा संपूर्ण इतिहास' असा जाडजूड ठोकळा आणतात आणि साठाव्या पानावर थांबतात. त्यांचा दोष नाही. आपण सगळ्यांनी शाळेत तो पिढ्यांचा तक्ता पाठ केलाय: पहिली पिढी व्हॅक्यूम ट्यूब, दुसरी ट्रान्झिस्टर, तिसरी आयसी, चौथी मायक्रोप्रोसेसर. अबॅकस, पास्कल, बॅबेज, एनिॲक. ही झाली वंशावळ. अमक्याचा मुलगा तमका. ट्यूब सोडून ट्रान्झिस्टरकडे का जावं लागलं, कोणाचं काय अडलं होतं, हे तो तक्ता सांगत नाही.

माझी एवढीच कसोटी आहे. तंत्रज्ञानाच्या इतिहासाचं पुस्तक उघडलं की मी शोधतो: यात अडलं काय होतं ते सांगितलंय का? कोणाचं तरी काहीतरी अडतं, म्हणून यंत्र होतं. जे पुस्तक ती अडचण नीट दाखवतं, त्यातला उपाय आपोआप समजतो. जे फक्त उपायांची यादी देतं, ते कितीही गाजलेलं असलं तरी डोक्यात राहत नाही.

ही कसोटी मला कळली ती एका पुस्तकामुळे आणि माझ्या वडिलांमुळे. त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

वडील टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तंत्रज्ञ होते. स्ट्रोजर पद्धतीचं जुनं एक्स्चेंज. लहानपणी डबा द्यायला गेलो की त्या लांब हॉलमध्ये पोलादी कपाटांच्या रांगा आणि अखंड कटकट-कटकट असा आवाज. पाऊस पत्र्यावर पडावा तसा. गावात कोणी डायल फिरवून ४ सोडला की चार ठोके तारेतून यायचे आणि इथे एक दांडी चार पायऱ्या वर चढायची. त्या कपाटांत दांड्यांच्या बरोबरीने हजारो रिले होते. रिले म्हणजे काय, असं मी विचारलं तेव्हा वडील म्हणाले, "विजेच्या बोटाने दाबायचं बटण." त्या वाक्यात सगळा संगणक आहे हे मला पुढे वीस वर्षांनी कळलं.

रिले आला तारायंत्रातून. 'तार आली' म्हटलं की आपल्याकडे आधी घरातल्या बायका रडायला लागायच्या, मग तार वाचली जायची. जुलै २०१३ मध्ये ती सेवा बंद झाली. या तारेची मूळ अडचण अशी होती: वीज लांब तारेतून जाताना क्षीण होते. मुंबईहून सोडलेला ठोका काही अंतरानंतर इतका दुबळा होतो की पलीकडचं यंत्र हलवण्याची ताकद त्यात राहत नाही. मग मध्ये एक माणूस बसवा, तो ऐकेल आणि नव्याने ठोके पाठवेल. पण माणूस कशाला? लोखंडी खिळ्याभोवती तांब्याची तार गुंडाळली आणि तिच्यातून वीज सोडली की खिळ्याचा लोहचुंबक होतो. वीज दुबळी असली तरी एक हलकी पट्टी ओढण्यापुरता तो पुरतो. ती पट्टी ओढली गेली की दुसऱ्या, ताज्या बॅटरीचं मंडल जोडलं जातं आणि पुढच्या तारेत पुन्हा जोमदार ठोका जातो. थकलेल्या सांडणीस्वाराने निरोप ताज्या स्वाराकडे द्यावा, तसं.

तारायंत्राच्या त्या जगावर टॉम स्टँडेज यांचं 'द व्हिक्टोरियन इंटरनेट' हे छोटेखानी पुस्तक आहे, १९९८ चं. तारेवरून जमलेली लग्नं, तारेवरच्या फसवणुकी, गुप्त लिप्या, 'आता जगात युद्धच होणार नाही' अशी भाबडी स्वप्नं, सगळं त्यात आहे. दोन बैठकांत संपतं. वाचताना सारखं वाटत राहतं की हे तर आपल्या मोबाइलबद्दल चाललंय.

आता ज्याने मला ती कसोटी शिकवली ते पुस्तक. चार्ल्स पेटझोल्ड यांचं 'कोड'. पहिली आवृत्ती १९९९ ची, वाढवलेली दुसरी २०२२ ची. सुरुवात होते दोन मुलांपासून. ती रात्री आपापल्या खिडकीतून टॉर्च चमकावून एकमेकांशी बोलू पाहतात. तिथून मोर्सची लिपी, ब्रेल, तार, रिले, आणि मग पान उलटत उलटत तुमच्या डोळ्यांसमोर एक संपूर्ण संगणक बांधून होतो. मधली एकही पायरी गाळलेली नाही. मला हे सांगताना अजूनही अंगावर काटा येतो.

त्यातला गाभा मी घरातल्या दोन वस्तूंनी समजावतो. जुन्या दुमजली घरांत जिन्याला एक दिवा आणि दोन बटणं असतात, एक खाली, एक वर. कुठलंही एक बटण बदललं की दिव्याची स्थिती बदलते. समजा, दोन्ही बटणं 'नाही' असताना दिवा बंद आहे. एक 'हो' केलं, लागला. दुसरंही 'हो' केलं, विझला. म्हणजे दोघांपैकी एकच 'हो' असेल तर उजेड, दोन्ही सारखी असतील तर अंधार.

आता शून्य आणि एक एवढेच अंक असलेली बेरीज मांडा. 'नाही' म्हणजे शून्य, 'हो' म्हणजे एक. शून्य अधिक शून्य, शून्य. शून्य अधिक एक, एक. एक अधिक शून्य, एक. आणि एक अधिक एक? दोन हा अंकच नाही, म्हणून दहाच्या बेरजेत आपण करतो तेच करायचं: खाली शून्य, हातचा एक. खालच्या ओळीकडे नीट बघा. शून्य, एक, एक, शून्य. हा तुमचा जिन्यातला दिवा आहे. सुताराने जिना केला, वायरमनने दिवा लावला आणि दोघांनाही नकळत घरात एका अंकाची बेरीज करणारं यंत्र बसलं.

राहिला हातचा. तो फक्त दोन्ही 'हो' असतानाच येतो. त्यासाठी दोन बटणं एकामागे एक जोडायची, मिक्सरसारखी. भांडं नीट बसलेलं हवं आणि बटणही फिरवलेलं हवं, तरच पातं फिरतं. झाली बेरीज. एका दिव्याने उत्तर, दुसऱ्या दिव्याने हातचा.

पण या जोडणीत बटण दाबायला माणसाचं बोट लागतं. पहिल्या घराचा हातचा पुढच्या घरात न्यायचा तर कोणीतरी दिवा पाहून पुढचं बटण दाबायला हवं. इथे रिले येतो. दिव्याच्या जागी रिलेची गुंडाळी लावा, म्हणजे उत्तराची वीजच पुढचं बटण दाबेल. हातचा आपला आपण पुढच्या घरात जाईल. विजेच्या बोटाने दाबायचं बटण! वडिलांचं वाक्य मी त्या दिवशी त्या पानाच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवलं.

ही मांडणी एकोणिसाव्या शतकातच सुचायला हरकत नव्हती. जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने १८५४ मध्ये 'आणि', 'किंवा', 'नाही' यांचं बीजगणित मांडलं होतं. रिलेही होते. पण एकाचं गणित आणि दुसऱ्याची तार यांची गाठ पडायला १९३७ साल उजाडलं. अमेरिकेत एमआयटीमध्ये शिकणाऱ्या एकवीस वर्षांच्या क्लॉड शॅनन याने आपल्या एम.एस.च्या प्रबंधात दाखवून दिलं की रिलेचं कुठलंही मंडल बूलच्या बीजगणितात लिहिता येतं आणि उलटही. त्याच वर्षी बेल लॅब्जमधला जॉर्ज स्टिबिट्झ टाकाऊ रिले घरी घेऊन आला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बॅटऱ्या, टॉर्चचे दिवे आणि तंबाखूच्या डब्याच्या कापलेल्या पट्ट्या जोडून त्याने बेरीज करणारं यंत्र केलं. किचनवरून त्याला 'मॉडेल के' असं नावच पडलं.

शॅननबद्दल वाचायचं तर जिमी सोनी आणि रॉब गुडमन यांनी लिहिलेलं 'अ माइंड ॲट प्ले' हे चरित्र घ्या. जेम्स ग्लीक यांचं 'द इन्फर्मेशन' अधिक खोल आहे. आफ्रिकेतले लोक ढोलांच्या आवाजावरून मैलोगणती अंतरावर बोलायचे, त्या पहिल्या प्रकरणासाठी तरी ते वाचावंच. पुढचा भाग जड जातो. तो नंतर कधीतरी.

ट्यूब जाऊन ट्रान्झिस्टर का आला, हे शाळेतल्या तक्त्याने न सांगितलेलं उत्तर जॉन गर्टनर यांच्या 'द आयडिया फॅक्टरी' या २०१२ च्या पुस्तकात मिळतं. बेल लॅब्ज ही टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा. लांबच्या फोनचा आवाज मध्ये मध्ये वाढवायला ट्यूब लागत. त्या तापत, वीज खात आणि जळून जात. रिलेचे संपर्क झिजत. मर्विन केली या तिथल्या वरिष्ठाला या दोन्हींच्या जागी न हलणारं, न जळणारं काहीतरी हवं होतं. १९४७ च्या डिसेंबरात जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी जर्मेनियमच्या तुकड्यावर ते करून दाखवलं. त्यांच्यावर देखरेख करणारा विल्यम शॉकली हे पाहून इतका अस्वस्थ झाला की पुढच्या काही आठवड्यांतच त्याने त्याहून चांगली रचना कागदावर उतरवली. तिघांना १९५६ चं नोबेल मिळालं. माणसांचा हेवा आणि जर्मेनियमचे गुण एकाच प्रकरणात वाचायला मिळणं हे या पुस्तकाचं बलस्थान.

यंत्र प्रत्यक्ष घडताना पाहायचं असेल तर मात्र ट्रेसी किडर यांच्या 'द सोल ऑफ अ न्यू मशीन'ला तोड नाही. १९८१ चं पुस्तक, पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. किडर संगणकातले नव्हते, पत्रकार होते. मॅसॅच्युसेट्समधल्या डेटा जनरल या कंपनीत ते महिनोन्महिने जाऊन बसले. प्रतिस्पर्धी डेक कंपनीने 'वॅक्स' नावाचा ३२ बिटचा, म्हणजे एका वेळी ३२ शून्य-एकांवर काम करणारा संगणक काढला होता आणि यांच्याकडे त्याला उत्तर नव्हतं. कंपनीने मोठी जबाबदारी नॉर्थ कॅरोलायनातल्या दुसऱ्या गटाकडे दिली. तळघरातल्या टॉम वेस्टच्या गटाने तात्पुरतं म्हणून एक यंत्र करायला घेतलं, आणि बाजारात गेलं ते हेच.

त्यात एक प्रसंग आहे. वेस्ट एका ओळखीच्या ठिकाणी जाऊन चक्क वॅक्स उघडतो, एकेक बोर्ड बाहेर काढून चिपा मोजतो आणि त्याला वाटतं की यात आपल्याला त्या कंपनीची कार्यपद्धतीच दिसतेय, जास्तीची सावध, जास्तीची गुंतागुंतीची. यंत्र पाहून ते करणारी संस्था ओळखायची! जुना वाडा पाहून बांधणाऱ्याचा स्वभाव सांगणारे गवंडी मी पाहिलेत. हे तसंच. आणि मग कॉलेजातून नुकतीच आलेली ती पोरं. एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात चाललेली चूक रात्र रात्र शोधणारी. त्यातला एक जण एके दिवशी टेबलावर चिठ्ठी ठेवून निघून जातो: मी व्हरमाँटमध्ये राहायला चाललोय, इथून पुढे एका ऋतूपेक्षा लहान वेळेशी माझा संबंध नाही. पुण्यात हिंजवडीला जाणारी बस पकडणाऱ्या माझ्या कितीतरी मित्रांना मी ही चिठ्ठी वाचून दाखवली आहे. हसतात, आणि मग गप्प होतात.

इंटरनेटसाठी केटी हॅफनर आणि मॅथ्यू लायन यांचं 'व्हेअर विझर्ड्स स्टे अप लेट', १९९६ चं. अणुयुद्धात टिकून राहावं म्हणून इंटरनेट बांधलं, असं आपण सगळीकडे ऐकतो. या पुस्तकात अर्पानेटची, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या जाळ्याची, खरी सुरुवात कळते आणि ती फारच घरगुती आहे. १९६६ मध्ये पेंटॅगॉनमध्ये, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्यात, बॉब टेलर नावाच्या अधिकाऱ्याच्या खोलीत तीन टर्मिनल होते, तीन वेगळ्या ठिकाणच्या संगणकांना जोडलेले. एकाशी बोलून झालं की उठायचं, दुसऱ्यासमोर बसायचं, आज्ञा वेगळ्या द्यायच्या. तीन का, एकच का नाही? बस, एवढं अडलं होतं. २९ ऑक्टोबर १९६९ ला लॉस एंजेलिसहून स्टॅनफर्डच्या संस्थेकडे 'लॉगिन' शब्द पाठवायला घेतला. पहिली दोन अक्षरं पोहोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला.

झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या पार्क या प्रयोगशाळेची गोष्ट मायकेल हिल्टझिक यांच्या 'डीलर्स ऑफ लाइटनिंग'मध्ये आहे. खिडक्या आणि माउस असलेला 'ऑल्टो' त्यांनी १९७३ मध्येच केला होता. झेरॉक्सने सगळं फुकट घालवलं असं जे बोललं जातं ते अर्धसत्य आहे, कारण तिथल्या लेझर प्रिंटरने कंपनीला भरपूर पैसा मिळवून दिला. पात्रं फार आहेत, नावांचा गोंधळ होतो. वॉल्टर आयझॅक्सन यांचं 'द इनोव्हेटर्स' हा सगळ्यांचा नकाशा समजा. नकाशा आधी पाठ करू नये, चार गावं हिंडून झाली की मग उघडावा.

संगणक हा शब्द आपण यंत्राला लावतो, पण इंग्रजीत 'कॉम्प्युटर' आधी माणसाला म्हणत, आणि विसाव्या शतकात ती माणसं बहुतेक स्त्रिया होत्या. मार्गो ली शेटर्ली यांच्या 'हिडन फिगर्स'वरचा चित्रपट अनेकांनी पाहिलाय. पुस्तक त्याहून शांत आणि भक्कम आहे. व्हर्जिनियातल्या लँग्ली इथे विमानांचं आणि पुढे अंतराळयानांचं गणित करणाऱ्या काळ्या स्त्रिया, त्यांची वेगळी बसायची जागा, वेगळं टेबल. यंत्रं येणार हे ओळखून डोरोथी व्हॉन स्वतः फोरट्रान ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकल्या आणि बरोबरच्या बायकांनाही त्यांनी शिकवलं, हा भाग मला सगळ्यांत मोठा वाटतो.

याच्या शेजारी कॅथी क्लायमन यांचं २०२२ चं 'प्रूव्हिंग ग्राउंड' ठेवा. एनिॲक या सुरुवातीच्या अजस्र संगणकाच्या जुन्या फोटोत काही तरुणी दिसतात. विद्यार्थिदशेत क्लायमन यांनी चौकशी केली तेव्हा उत्तर मिळालं की त्या नुसत्या शोभेसाठी उभ्या केलेल्या मॉडेल आहेत, फ्रिजच्या जाहिरातीत असतात तशा. खरं तर एनिॲकला गणित कसं करायचं ते सांगणाऱ्या सहा जणी होत्या. प्रोग्रॅमिंगची भाषा नव्हती, पुस्तिका नव्हती. यंत्राचे आराखडे वाचून, वायरी ओढून आणि बटणं लावून त्यांनी ते बसवलं. १९४६ च्या फेब्रुवारीत यंत्र जगाला दाखवलं, आणि त्या रात्रीच्या मेजवानीला यांना बोलावलं नाही.

आणखी दोन पुस्तकं संगणकाची नाहीत, पण डोळे साफ करतात. डेव्हिड एजर्टन यांचं 'द शॉक ऑफ द ओल्ड' विचारतं की शोध कधी लागला यापेक्षा लोकांनी वापरलं काय ते का मोजत नाही? दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्य रणगाड्यांसाठी ओळखलं जातं, पण त्यांच्याकडे लाखो घोडे होते. सायकल, शिवणयंत्र, पन्हाळी पत्रा: आपल्या गावाचा इतिहास यांच्यावर जास्त उभा आहे. दुसरं मार्क लेव्हिन्सन यांचं 'द बॉक्स', मालाच्या कंटेनरबद्दल. २६ एप्रिल १९५६ ला अमेरिकेतल्या नूअर्कहून ५८ पेट्या घेऊन एक जहाज ह्यूस्टनला निघालं, तिथून सुरुवात. न्यूयॉर्कच्या गोद्या ओस का पडल्या हे वाचताना मुंबईची गोदी आणि पलीकडच्या किनाऱ्यावर न्हावा-शेव्याला १९८९ पासून उभं असलेलं बंदर डोळ्यांसमोर आल्याशिवाय राहत नाही.

आता आपल्याकडचं. दिनेश शर्मा यांचं 'द लाँग रिव्होल्यूशन' २००९ चं, त्याचीच सुधारलेली आवृत्ती 'द आउटसोर्सर' २०१५ ची. भारतात संगणक म्हणजे १९९१ नंतरचं काहीतरी, असा आपला समज असतो. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत पन्नाशीच्या दशकातच विलायती संगणक आला होता. आणि मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, टीआयएफआरमध्ये, रंगस्वामी नरसिंहन यांच्या पुढाकाराने तरुण मंडळींनी स्वतःच एक बांधायला घेतला. आधी छोटा नमुना, मग १९६० मध्ये पूर्ण यंत्र. १९६२ मध्ये त्याला 'टिफ्रॅक' हे नाव मिळालं.

टिफ्रॅकची स्मृती होती २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटचा. गुणाकार करा: ८१,९२० बिट, म्हणजे आठ बिटचा एक बाइट या हिशेबाने १०,२४० बाइट. देवनागरीतलं एक अक्षरचिन्ह आज साठवायला साधारण तीन बाइट लागतात. म्हणजे तुम्ही आत्ता वाचताय तो हा लेख टिफ्रॅकच्या स्मृतीत निम्मासुद्धा मावला नसता. तेवढ्या जागेत अणुभौतिकीची गणितं बसवली जात होती.

शर्मांचं पुस्तक आपल्या लाडक्या कथाही जरा तपासून घ्यायला लावतं. आयबीएम १९७८ मध्ये भारतातून का गेली, रेल्वेचं आरक्षण ऐंशीच्या दशकाच्या मध्यात संगणकावर कसं आलं, हे सगळं धोरण, हट्ट आणि योगायोग यांच्या गुंत्यातून त्यात उलगडतं. पुण्यात १९८८ मध्ये सीडॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम' हा महासंगणक तयार झाला, हे मराठी माणूस अभिमानाने सांगतो, सांगावंच. पण तो कसा झाला हेही सांगावं. एक अजस्र प्रोसेसर करण्याऐवजी ट्रान्सप्युटर नावाचे ब्रिटिश बनावटीचे कितीतरी छोटे प्रोसेसर एकत्र जोडून, काम वाटून देऊन. लग्नात एक मोठा आचारी शोधण्याऐवजी दहा चुलींवर दहा जणींनी रांधावं, तसं. खरी मेहनत असते ती कोणाला काय द्यायचं आणि कोणी कोणासाठी थांबायचं हे ठरवण्यात.

मराठीत अच्युत गोडबोले यांचं 'मुसाफिर' हे आत्मचरित्र आहे. सोलापूर, आयआयटी मुंबई आणि मग सॉफ्टवेअरचं जग. त्या जगाच्या आतून मराठीत बोलणारा माणूस म्हणून ते मोलाचं आहे. पण टेबलाखाली वायरी ओढणाऱ्यांचं, आरक्षणाच्या खिडकीमागे पहिल्यांदा कीबोर्डवर बसलेल्या कारकुनांचं, नव्वदच्या दशकात रात्री जागून मराठी दिवाळी अंक संगणकावर जुळवणाऱ्या डीटीपी ऑपरेटरांचं, किडरने जसं लिहिलं तसं पुस्तक मला अजून भेटलेलं नाही. मी शोधतोय.

म्हणून गेल्या दिवाळीत मी वडिलांसमोर फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवला आणि एक्स्चेंजबद्दल विचारलं. पहिला तासभर ते फक्त रिलेच्या संपर्कांबद्दल बोलले. पावसाळ्यात दमट हवेने ते कसे काळे पडत, ते पुसताना पट्टी किंचित वाकली तरी कसा घोटाळा होई, आणि रात्रपाळीला हॉलमधल्या आवाजात एक ठोका चुकला तर बिघाड कुठल्या रांगेत आहे हे ऐकूनच कसं कळे. मग मी कागदावर जिन्याचा दिवा काढला, शेजारी हातच्याचं मंडल काढलं, आणि मधल्या बटणाच्या जागी रिले. ते चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. नंतर माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि म्हणाले, "इथे तुझी एक वायर उलटी लागलीय."